उभा पडदा : आर्केडच्या पेटीतील मॉनिटरची ठेवण व तिचा इतिहास

गेल्या पन्नास वर्षांतील करमणुकीच्या यंत्रांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. दप्तरे, नाणी, ताम्रपट, शिलालेख, फार तर चित्रपटांची रिळे, एवढ्यापर्यंत साधनांची व्याप्ती मान्य झाली आहे. परंतु ज्या यंत्रापुढे उभे राहून एका पिढीने आपला मोकळा वेळ व खिशातील नाणी खर्च केली, ते यंत्र भंगारात गेले तरी अभ्यासकांस त्याची हळहळ वाटत नाही. प्रस्तुत लेखात व्हिडिओ गेमच्या यंत्राच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. ते अंग म्हणजे त्यातील पडद्याची ठेवण, तो आडवा असावा की उभा हा प्रश्न. प्रश्न दिसावयास सुताराचा आहे. कोणी हौशी गृहस्थ घरी आर्केडची पेटी बांधतो, बाजारातून आणलेला मॉनिटर काटकोनात फिरवून तिच्यात उभा बसवितो, आणि काम संपले असे समजतो. वस्तुतः तेथे त्याने एका कृतीचा मूळ पाठ पुन्हा उभा केलेला असतो, किंवा नकळत बिघडविलेला असतो. यांपैकी काय झाले हे ओळखता यावे, एवढ्याचसाठी हा इतिहास पाहावयाचा.

पडदा मुळात आडवा का, येथून आरंभ करणे इष्ट. १८९० नंतरच्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर जी चौकट ठरली तिची रुंदी व उंची यांचे प्रमाण चारास तीन असे होते. पुढे दूरचित्रवाणीने तेच प्रमाण उचलले, आणि जगभरच्या कारखान्यांतून त्याच प्रमाणाच्या पिक्चर ट्यूब तयार होऊ लागल्या. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रातील घरांत आलेले संच याच घाटाचे होते. खेळाच्या यंत्रांसाठी निराळी ट्यूब कोणी बनविली नाही. उभा पडदा हवा असलेल्या कारखानदाराने दूरचित्रवाणीच्या जातीचीच ट्यूब घेतली व ती कुशीवर निजविली. म्हणजे उभा पडदा हा आरंभापासूनच फिरविलेला पडदा आहे. घरी मॉनिटर फिरविणारा मनुष्य नवीन काही करीत नाही. मूळ कारखान्यात जे झाले तेच तो पुन्हा करतो.

अटारी कंपनीचा 'पाँग' हा खेळ १९७२ साली आला. तो टेबल टेनिसचा खेळ. दोन खेळाडू दोन टोकांस, म्हणून पडदा आडवा. १९७६ साली त्याच कंपनीने 'ब्रेकआउट' काढला. त्यात दुसऱ्या खेळाडूच्या जागी विटांची भिंत आली, खेळाडूची फळी तळाशी गेली आणि पडदा उभा झाला. पाँगला काटकोनात वळविले की ब्रेकआउट होतो, असे म्हणावयास फारशी हरकत नाही. जपानच्या ताइतो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो यांनी ब्रेकआउटपासून प्रेरणा घेऊन १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' सिद्ध केला, आणि उभ्या पडद्याची परंपरा खऱ्या अर्थाने तेथून चालू झाली. नामकोचा 'गॅलॅक्सियन' १९७९ चा, तोरू इवातानी यांचा 'पॅक-मॅन' १९८० चा, निन्टेंडोचा 'डाँकी काँग' व नामकोचा 'गॅलागा' १९८१ चे, कॅपकॉमचा '१९४२' हा १९८४ चा. ही सर्व उभ्या पडद्याची अपत्ये होत.

हे केवळ अनुकरण होते काय? माझ्या मते नव्हते. ज्या खेळात संकट वरून खाली येते तेथे उंची म्हणजेच वेळ. शत्रूस जितके अंतर उतरावे लागते तितका अवसर खेळाडूस मिळतो, आणि तो अवसर कमी होत असल्याची जाणीव हाच खेळाचा रस. शिवाय पेटी अरुंद राहिली म्हणजे एका भिंतीशी अधिक पेट्या लागतात, हा दुकानदाराचा हिशेबही दुर्लक्षिण्याजोगा नाही. पिनबॉल व पाचिंको या जुन्या यंत्रांत गोळी वरून खाली येत असे, त्या सवयीचाही यात वाटा असावा.

स्पेस इन्व्हेडर्सच्या अंतरंगात शिरले म्हणजे पडद्याची ठेवण ही वरवरची गोष्ट नव्हे हे स्पष्ट होते. त्याचे चित्र २५६ गुणिले २२४ बिंदूंचे. प्रत्येक बिंदू पेटलेला वा विझलेला एवढेच दोन पर्याय असल्यामुळे संपूर्ण चित्रास ७,१६८ बाइटांची स्मृती पुरते. ट्यूब कुशीवर असल्याने किरणाची प्रत्येक रेघ खेळाडूस उभी दिसते, आणि स्मृतीतील एका बाइटाचे आठ बिंदू एकमेकांशेजारी न दिसता एकावर एक दिसतात. किरण पडद्याच्या मध्याच्या आसपास आला की एकदा व शेवटास पोचला की एकदा, अशी दोनदा यंत्रातील ८०८० जातीच्या प्रोसेसरला सूचना मिळते. किरण ज्या भागात आहे तो भाग सोडून उरलेल्या भागात चित्र बदलावयाचे, ही त्यामागील युक्ती. आडव्या ट्यूबेत हे दोन भाग वरचा व खालचा असे झाले असते. येथे ते डावा व उजवा असे होतात. कृष्णधवल ट्यूबेवर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून तळाचा खेळाडू हिरवा केलेला असे, आणि त्या पट्ट्यांची जागाही उभ्या चौकटीतच ठरलेली. अमेरिकेतील मिडवे कंपनीच्या उभ्या पेटीत तर ट्यूब डोळ्यांसमोर नसेच. ती खाली ठेवून तिचे प्रतिबिंब अर्धपारदर्शक आरशात पाडले जाई व त्यामागे चंद्रभूमीचे रंगविलेले चित्र दिसे. अशा यंत्रात पडदा कोठे संपतो व पेटी कोठे सुरू होते हे सांगणेही कठीण.

आता या कृती घरात आल्या तेव्हा काय झाले ते पाहू. अटारीच्या घरगुती यंत्रासाठी १९८० साली स्पेस इन्व्हेडर्सची आवृत्ती निघाली. मूळ खेळात अकरा स्तंभ व पाच ओळी मिळून ५५ शत्रू होते. घरगुती आवृत्तीत सहा स्तंभ व सहा ओळी, म्हणजे ३६ उरले. १९८२ च्या घरगुती पॅक-मॅनमध्ये चक्रव्यूहाच्या डाव्या-उजव्या बाजूंची भुयारे वर व खाली नेण्यात आली. यातील बराचसा दोष त्या यंत्राच्या तुटपुंज्या शक्तीचा आहे हे मान्य केले पाहिजे. तथापि शक्ती वाढल्यावरही अडचण संपली नाही, आणि त्याचा पुरावा अंकगणितात आहे. पॅक-मॅनचे मूळ चित्र आठ-आठ बिंदूंच्या चौकोनांत मोजले तर २८ रुंद व ३६ उंच भरते. त्यात चक्रव्यूह ३१ ओळींचा, वरच्या तीन ओळी गुणसंख्येच्या आणि खालच्या दोन उरलेल्या प्राणांच्या व फळांच्या. १९८३ साली निघालेल्या निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' या घरगुती यंत्राचा पडदा त्याच मापाने ३२ रुंद व ३० उंच. एकतीस ओळींचा चक्रव्यूह तीस ओळींच्या पडद्यात, गुणसंख्या पूर्ण काढून टाकली तरी, मावत नाही. म्हणून चक्रव्यूह आक्रसला आणि गुणसंख्या उजव्या हातास रिकाम्या पडलेल्या जागेत गेली.

हा तपशील महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत व्हिडिओ गेमची पार्लरे होती. परंतु जिल्ह्याच्या गावी व खेड्यांत हे खेळ पोचले ते प्रामुख्याने १९९० नंतरच्या दशकात, फॅमिकॉमच्या धर्तीवर बनविलेल्या स्वस्त यंत्रांतून व त्यांच्या 'कॅसेटां'तून. एका कॅसेटीत शेकडो खेळ असल्याची जाहिरात असे; मोजल्यास तेच ते पुन्हा निघत. गॅलॅक्सियन, डाँकी काँग, १९४२ हे त्यांत हमखास भेटत, आणि भेटत ते घरच्या आडव्या संचावर. म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य खेळाडूंनी मूळ पाठ पाहिलाच नाही. त्यांच्या स्मरणात असलेला पाठ हा दुसऱ्या हाताचा, संक्षिप्त व क्वचित अपभ्रष्ट आहे. त्या पिढीच्या आठवणी उद्या कोणी मौखिक साधन म्हणून टिपावयास निघाला, तर सांगणाऱ्याने कोणता पाठ खेळला होता हे प्रथम विचारले पाहिजे.

येथे पोथीची उपमा सहज सुचते. पोथी आडवी, कारण ताडपत्र लांबट व अरुंद; कागद आला तेव्हा ती सक्ती उरली नाही, तरी घाट टिकला. मिरजेस १८०५ साली ताम्रपटांवर कोरून छापलेली भगवद्गीतादेखील पोथीच्याच घाटाची आहे. पुढे तीच गीता उभ्या पुस्तकात बांधली गेली आणि तिच्या एका श्लोकासही धक्का लागला नाही. उपमेची मर्यादा नेमकी येथे आहे. ग्रंथाचा पाठ पानाच्या घाटाहून स्वतंत्र असतो. खेळाचा पाठ मात्र चौकटीच्या मापानेच घडलेला असल्यामुळे चौकट बदलली की पाठ बदलतो. म्हणून वि. का. राजवाडे यांच्यापासून आपण असल कागदाविषयी जो आग्रह धरीत आलो, तो या क्षेत्रात कागदापेक्षाही अधिक काटेकोरपणे धरावा लागतो.

दुर्दैवाने सरकारी साधनांतून या बाबतीत फारसे हाती लागत नाही. सार्वजनिक करमणुकीच्या जागांस १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाखाली परवाना लागे, आणि कर्नाटक व तामिळनाडू यांतील व्हिडिओ गेमच्या चालकांनी नेलेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य हा प्रसिद्ध निर्णय दिला. तेथे वाद कौशल्य व नशीब यांचा आहे. यंत्र तेथे येते ते जुगाराचे साधन आहे की नाही एवढ्यापुरतेच. त्याच्या पडद्याची ठेवण न्यायालयापुढील प्रश्न नव्हती व असण्याचे कारणही नव्हते. इतिहासकाराला मग यंत्राकडेच वळावे लागते.

या कामी इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'मेम' या प्रणालीचा उपयोग फार मोठा आहे. जुन्या यंत्राच्या प्रत्येक भागाचे वर्तन संगणकावर हुबेहूब घडवून आणणे हे तिचे कार्य. आपला हेतू यंत्रांची नोंद जतन करण्याचा आहे आणि खेळ खेळता येणे हा त्याचा आनुषंगिक परिणाम होय, अशी तिच्या कर्त्यांची भूमिका आहे. हौशी मंडळी या वाक्याकडे कानाडोळा करतात. अभ्यासकाने करू नये. या प्रणालीत प्रत्येक खेळाच्या नोंदीबरोबर मूळ ट्यूब कोणत्या दिशेने किती अंश फिरविलेली होती हेही लिहिलेले असते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे काम चालविले, त्याच्याशी याची तुलना करणे धाडसाचे होईल. पण प्रत पाहावी, पाठ नोंदवावा, आणि जे पाहिले नाही ते कल्पनेने भरू नये, ही शिस्त दोन्हीकडे एकच.

मिरजोळ्यासारख्या ठिकाणी कोणी अशी पेटी घरी बांधावयास घेतली तर त्यास काय करावे लागेल, याचा आता तपशिलाने विचार करू. गाव रत्नागिरी शहरालगतचे, औद्योगिक वसाहतीचे. लोखंडी पट्टी कापून व भोके पाडून मिळणे तेथे अवघड नाही. मॉनिटरच्या पाठीवरील चार भोके चौरसात, बहुधा १०० मिलिमीटर अंतरावर असतात. चौरस काटकोनात फिरविला तरी चौरसच राहतो, त्यामुळे तीच पट्टी दोन्ही ठेवणींस चालते. पाऊस वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या पुढे, तेव्हा साधे प्लायवुड फुगते व चौकट काटकोनातून हलते. पाण्यास टिकणारे प्लाय वापरणे व कडा बंद करणे क्रमप्राप्त आहे. मॉनिटरची हवेची भोके आडव्या ठेवणीसाठी केलेली असतात. फिरविल्यावर ती बाजूस जातात, म्हणून दोन्ही बाजूंस मोकळी जागा हवी.

आजचे मॉनिटर सोळास नऊ या प्रमाणाचे, फारच लांबट. तरीही हिशेब केला तर एक सुखद योगायोग आढळतो. चोवीस इंची मॉनिटरचा पडदा ५३.१ सेंटिमीटर लांब व २९.९ सेंटिमीटर रुंद असतो. तो आडवाच ठेवून त्यावर तीनास चार प्रमाणाचे उभे चित्र दाखविले तर त्याची उंची २९.९ व रुंदी अवघी २२.४ सेंटिमीटर, म्हणजे कर्ण १४.७ इंच. तोच उभा केला तर चित्र २९.९ रुंद व ३९.९ उंच होते आणि कर्ण १९.६ इंच भरतो. मिडवेने काढलेल्या पॅक-मॅनच्या उभ्या पेटीत १९ इंची ट्यूब होती! चित्राचे क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडे अधिक वाढते, आणि वर-खाली मिळून उरणारे १३.२ सेंटिमीटर पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकून टाकता येतात. बिंदूंचा हिशेबही जमतो. १०८० बिंदू रुंदीच्या उभ्या पडद्यावर तीनास चार प्रमाणाचे चित्र १४४० बिंदू उंच होते; पॅक-मॅनची उंची २८८ बिंदूंची, म्हणजे बरोबर पाच पट. आडव्या पडद्यावर हाच गुणक पावणेचार येतो, आणि अपूर्णांकामुळे अक्षरांच्या काही रेघा जाड, काही बारीक दिसू लागतात. रुंदीत मात्र उभ्या ठेवणीतही अपूर्णांक राहतो, कारण मूळ ट्यूबेवरील बिंदू चौरस नव्हते.

पडद्याची जातही पाहावी लागते. स्वस्त 'टी. एन.' जातीच्या पडद्यावर बाजूने पाहिले तर रंग बरे टिकतात, पण वरून वा खालून पाहिले तर ते उलटतात. पडदा फिरविला की हा दोष वर-खालीचा न राहता डाव्या-उजव्या बाजूचा होतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांस एकाच चित्राचे दोन रंग दिसतात. 'आय. पी. एस.' जातीत हा दोष जवळजवळ नाही.

जुनीच पिक्चर ट्यूब वापरण्याचा ज्यांचा आग्रह असेल त्यांनी दोन गोष्टी जाणल्या पाहिजेत. ट्यूबेत वीस हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि वीज तोडल्यावरही तो काही काळ राहू शकतो. माहितगाराशिवाय तिला हात लावू नये. दुसरी गोष्ट पृथ्वीच्या चुंबकत्वाची. रंगीत ट्यूबेतील किरण त्याने किंचित वळतो, म्हणून ट्यूब फिरविली की कोपऱ्यांत रंगांचे डाग दिसतात व ट्यूबेचे चुंबकत्व पुन्हा उतरवावे लागते. इंग्लंडात हे क्षेत्र बरेचसे उभे, कोकणात बरेचसे आडवे. म्हणून तेथे जुळविलेली ट्यूब येथे आणल्यावर न फिरविताही रुसू शकते. जाता जाता सांगावयाचे तर कोकण किनाऱ्यावरील या क्षेत्राची मोजणी दीर्घकाळ झालेली आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ साली अलिबागेस नेण्याची सोय करण्यात आली, आणि ट्राम १९०७ साली धावली.

सर्वांत अधिक अपपाठ कोठे शिरत असेल तर तो रेघांच्या अनुकरणात. जुन्या ट्यूबेचा भास व्हावा म्हणून सपाट पडद्यावर बारीक काळ्या रेघा दाखविण्याची सोय अनेक प्रणालींत असते, व त्या रेघा सरसकट आडव्या ठेवल्या जातात. वर सांगितल्याप्रमाणे उभ्या यंत्रात किरण खालपासून वरपर्यंत किंवा वरून खाली जात असे. रेघा उभ्याच असल्या पाहिजेत. आडव्या रेघांचा पॅक-मॅन कोणत्याही पार्लरात कधी कोणी पाहिलेला नाही. असे असूनही चित्रांतून, पुस्तकांच्या मुखपृष्ठांतून व संग्रहालयांच्या फलकांतून तो वाढतच आहे, आणि काही वर्षांनी तोच मूळ म्हणून पुढे केला गेला तर आश्चर्य वाटावयास नको.

फिरविण्याची दिशाही सर्व खेळांत एक नव्हती. स्पेस इन्व्हेडर्स व पॅक-मॅन या दोन प्रसिद्ध यंत्रांतच ट्यूब परस्परविरुद्ध दिशांस निजविलेली आहे. प्रणाली वापरणाऱ्यास याची झळ पोचत नाही, कारण ती चित्र आपोआप सुलटे करते. परंतु ज्याच्याजवळ मूळ सर्किट बोर्डे व एकच ट्यूब आहे, त्याने स्पेस इन्व्हेडर्स लावून झाल्यावर पॅक-मॅन लावला तर भुते डोक्यावर उभी राहतात. जपानी पार्लरांतील पुढच्या काळच्या पेट्यांत, उदाहरणार्थ सेगाच्या १९९३ च्या 'अ‍ॅस्ट्रो सिटी'त, ट्यूब चौकटीसह हाताने फिरविण्याची सोय होती. जेथे ती नाही तेथे कारागीर ट्यूबेच्या मानेवरील दोन्ही गुंडाळ्यांच्या तारा उलटसुलट जोडून चित्र अर्ध्या वर्तुळात फिरवितात. असे केले असेल तर पेटीच्या आतल्या बाजूस तशी नोंद तारखेसह लिहून ठेवावी आणि मूळ जोडणी कशी होती तेही लिहावे. पेटी पुन्हा उघडणाऱ्यास दुसरे कोणतेही साधन उपलब्ध असणार नाही.